टीव्हीतला भरमा

निपाणीबाहेर चिकोडीच्या अंगाला जो माळ आहे, त्याच्या उतारावर हरणशिकारी पारध्यांची वस्ती आहे. नावात हरण असलं तरी वस्तीतल्या कुणी ते चित्राबाहेर पाहिलेलं नाही. शिकार आज्या-पणज्यांबरोबर संपली. आता कुणी तंबाखूच्या वखारीत जातं, कुणी ऊस तोडतं, कुणी गवत कापून गवळ्यांना विकतं. पण आसपास कुठं घरफोडी झाली की पोलिसांची जीप आधी याच माळावर चढते. इंग्रजांनी या जमातीवर चोरीचा शिक्का मारला, पुढं सरकारनं तो कागदावरून पुसला, पण लोकांच्या मनातनं तो काही निघाला नाही.

मालुबाई या वस्तीत आली ती संकेश्वरकडच्या अशाच एका माळावरून, भरमाची बायको होऊन. घरात ते आपली पारध्यांची बोली बोलत, बाजारात मराठी, आणि ठाण्यात गेलं की समोरचा कन्नडमध्ये काय ओरडतोय ते मान खाली घालून ऐकत. भरमा शांत माणूस. गवत कापायचा, भारे बांधायचा, सायकलीवर लादून गावात न्यायचा. मालु वखारीत तंबाखू चाळायची. संध्याकाळी घरी आली की तासभर शिंकत राहायची आणि भरमा तिला हसायचा. त्यांना एक मुलगी झाली, दिपाली. ती शाळेत जायला लागली त्या वर्षी हे सगळं घडलं.

आण्णाप्पा नावाच्या एका बागायतदाराच्या मळ्यातल्या घरावर दरोडा पडला. राखणदार आडवा आला, त्याला चोरट्यांनी तिथंच तोडलं. म्हातारे आण्णाप्पा खिडकीशी होते. पळणाऱ्या एकाच्या तोंडावर त्यांच्या बॅटरीचा उजेड क्षणभर पडला, तेवढंच काय ते त्यांनी पाहिलं.

त्या दिवशी भरमा संकेश्वरला होता. मालुच्या भावाच्या पोराचं जावळ होतं, सगळा गोतावळा जमला होता, सगळ्यांनी एका पंगतीत बसून मटण खाल्लं होतं. मुक्काम करून दोघं दुसऱ्या दिवशी परत आली. आणि चार दिवसांनी, नुकतं उजाडत असताना, जीप आली. भरमा तोंड धूत होता. हातातला तांब्यासुद्धा त्याला खाली ठेवू दिला नाही. जाताना पोलिसांनी दाराआडचा गवत कापायचा विळाही उचलला.

ठाण्यात काय झालं ते भरमानं मालुला पुष्कळ वर्षं सांगितलं नाही. त्याच्या पायाचे तळवे सुजले होते एवढं तिनं पाहिलं. कन्नडमध्ये लिहिलेल्या जबाबावर त्याचा अंगठा घेतला होता, आणि त्यात काय लिहिलंय ते त्याला कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

मग ती टीव्हीची गोष्ट झाली. एका कन्नड वाहिनीवर गुन्ह्यांचा कार्यक्रम लागायचा. घडलेला गुन्हा नट घेऊन नाटकासारखा करून दाखवायचे, मागं ढणढणतं संगीत असायचं. एका दुपारी मालु वखारीतल्या बायकांबरोबर स्टँडसमोरच्या हॉटेलात चहाला थांबली होती. टीव्हीवर मळ्यातलं घर दिसलं. राखणदार दिसला. मग झाडाआडनं एक माणूस आला, जटा वाढलेला, काळाकुट्ट, डोळे लाल, गळ्यात हाडकांची माळ. त्यानं राखणदाराला तोडलं आणि मान मागं टाकून हसला. शेवटी निवेदक म्हणाला की हाच तो नराधम, आणि पडद्यावर भरमाचा खराखुरा फोटो आला. ठाण्यात काढलेला, सुजलेल्या तोंडाचा.

मालुला आधी कळलंच नाही. भरमा तर उजळ होता, वस्तीत त्याला गोऱ्या म्हणत. तो नट कोण होता, त्याच्या तोंडाला एवढं काळं का फासलं होतं, ती माळ कुठली? शेजारच्या बाईनं आपली पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी वखारीत मुकादम म्हणाला, "मालु, थोडे दिवस येऊ नगंस. माणसं काय काय बोलाय लागल्यात."

"माझ्या नवऱ्यानं काय केलं न्हाय."

"मी कुठं केलं म्हंतोय? पन येऊ नगंस."

त्यानंतर काही आठवड्यांनी तुरुंगात ओळखपरेड झाली. आण्णाप्पांनी रांगेतनं भरमावर बोट ठेवलं. म्हातारा खोटारडा नव्हता. आपण त्या रात्री पाहिलेलंच तोंड ओळखतोय असंच त्यांना वाटत होतं.

खटला चालला. भरमा संकेश्वरला होता असं सांगायला अकरा माणसं उभी राहिली. सरकारी वकील म्हणाले की हे सगळे आरोपीचे नातलग आणि जातवाले, ते दुसरं काय सांगणार. विळ्यावर रक्ताचा डाग होता. गवत कापताना भरमाचं बोट कितीदा कापलं होतं, पण ते कुणी विचारलं नाही. खालच्या कोर्टानं जन्मठेप दिली. निकाल कन्नडमध्ये वाचला गेला. भरमानं वळून मालुकडं बघितलं आणि आपल्या बोलीत विचारलं, "काय म्हणाले?" तिलाही नीट कळलं नव्हतं. शेजारच्या शिपायानं सांगितलं, "आता जन्मभर आत."

वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी तिला समजावलं. आपल्यात असं होतच आलंय, मालु. यल्लाप्पा नावाच्या थोरल्या दिरानं तर दुसरं लग्न करून दे म्हणून तिच्या भावाला निरोपही धाडला. मालु त्याच्या दारात गेली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "आप्पा, तुमचा भाऊ जित्ता हाय. तो घरी येस्तवर ह्या घरात लग्नाचं नाव काढायचं न्हाय." यल्लाप्पानं मान फिरवली. पण त्यानंतर दिपालीच्या शाळेची वेळ झाली की तिला सायकलीवर घेऊन जायला तोच येऊ लागला.

मालु ऊसतोडीला गेली, लग्नकार्यात भांडी घासली, आणि जमेल तसं बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या तुरुंगात भरमाला भेटून येऊ लागली. जाळीच्या पलीकडं भरमा दर वेळी थोडा थोडा कमी व्हायचा. एकदा तो म्हणाला, "तू येत जाऊ नगं. येण्यात दिवस बुडतो."

"दिवस माझा हाय, मी बुडवीन," मालु म्हणाली.

त्याच फेरीत तुरुंगाच्या दारात एका कैद्याच्या बायकोनं तिला सांगितलं की बेळगावात गरिबांना सरकारी खर्चानं वकील मिळतो. तशी तिला स्वरूपा वकील भेटली. स्वरूपा खानापूरकडच्या एका शेतकरी घरातली, वकिली सुरू करून फार वर्षं झाली नव्हती. तिनं सगळी कागदपत्रं वाचायला महिनाभर घेतला आणि मग मालुला बोलावून समोर बसवलं.

"मालुबाई, हे सगळं आण्णाप्पांच्या ओळखण्यावर उभं आहे. बाकीचं पोकळ आहे. धरल्यापासून परेडपर्यंत भरमाला कुणी पाहिलं होतं का? रस्त्यानं नेताना, कोर्टात, पेपरात? आठवेल ते सगळं सांगा, बारीकसारीकसुद्धा."

मालु सांगत गेली. सांगता सांगता हॉटेलातला टीव्ही आला. स्वरूपाचं लिहिणं थांबलं.

"फोटो दाखवला? परेडच्या आधी?"

"व्हय. सगळ्या निपाणीनं बघितला."

"मग आण्णाप्पांनीही बघितला असणार. फोटो आधी टीव्हीवर दाखवला असेल तर ओळखपरेडीला काही अर्थच उरत नाही. पहिल्या वकिलांनी हे विचारायला हवं होतं." ती उठून खिडकीशी गेली आणि परत आली. "पण तो आधी दाखवला हे आपल्याला सिद्ध करावं लागेल."

वाहिनीला नोटीस गेली. उत्तर आलं की इतकं जुनं चित्रण आम्ही ठेवत नाही, आणि कुठला भाग कधी लागला याची आता नोंद नाही. इंटरनेटवर होता तो भागही कुणीतरी काढून टाकला होता. अपील दाखल झालं, पण तारखा पुढं पुढं जात राहिल्या. स्वरूपानं स्पष्ट सांगितलं की हातात काही असल्याशिवाय ती उगाच आशा लावणार नाही.

"त्या नटाकडं आसंल," मालु म्हणाली.

"कुठल्या?"

"जो भरमा झालता त्याच्याकडं."

त्याचं नाव तिला माहीत नव्हतं. चेहरा काळ्या रंगाखाली होता. पण हसताना त्याची मान डाव्या खांद्याकडं पडायची आणि वरचा एक दात पुढं होता, ते ती विसरली नव्हती. ती सुगीनंतरच्या जत्रांमधनं हिंडू लागली. या भागात जत्रेला नाटक होतंच, कुठं मराठी, कुठं कन्नड. मालु रंगमंचाच्या मागं जाऊन उभी राहायची आणि तोंड रंगवणाऱ्या माणसाला विचारायची, "टीव्हीत पारधी झालेला, पुढं दात असलेला कोण हाय?" काहींनी हाकललं. एका गावात तिलाच चोर समजून देवळापाशी बसवून ठेवलं, शेवटी स्वरूपाला फोन करावा लागला. पुढच्या आठवड्यात ती दुसऱ्या जत्रेला गेली. असे दोन हंगाम गेले. मग येळ्ळूरच्या बाजूच्या एका जत्रेत रंगवणाऱ्या म्हाताऱ्यानं ब्रश खाली ठेवला.

"आमचा किशन तो. वडगावचा. माग चालवतोय. त्याला मीच रंगवलतं."

बेळगावच्या वडगावात गल्लीभर मागांचा खडखडाट होता. किशनच्या घरात पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग, मागं स्वयंपाकघर. मालु दारात उभी राहिली. मागापुढचा माणूस वळला आणि ओशाळून हसला, तेव्हा तिला तो दात दिसला. माग बंद झाला. आवाज थांबल्यावर तिला आपला श्वास ऐकू येऊ लागला.

"कोन पायजे, आक्का?"

"मी भरमाची बायको. तू ज्याचं काम केलंस त्याची."

किशनचं तोंड उतरलं. त्याची आई जयाबाई आतनं आली, तिनं काही न विचारता पाण्याचा तांब्या दिला. मालुनं सगळं सांगितलं. किशननं ऐकलं, पण मान हलवत राहिला.

"त्यांनी सांगितलं तसं मी केलं, आक्का. मला काय ठाऊक, खरं काय खोटं काय. आता कोर्टात उभा ऱ्हायलो तर ती कंपनी मला परत काम देनार न्हाय. मागावर काय मिळतंय ते बघतीसच की."

"तुझ्याकडं ते चित्र हाय का न्हाय, एवढं सांग."

किशन मागाकडं वळला. जयाबाईच म्हणाली, "हाय. लागलं तवा सुनंनं मोबाइलवर काढलतं. पोरगं पयल्यांदा टीव्हीत आलं म्हणून."

"आई, तू आत जा."

मालु त्या दिवशी परतली. पंधरवड्यानं पुन्हा गेली, किशन घरात असून बाहेर आला नाही. तिसऱ्यांदा गेली तेव्हा ती पायरीवरच बसली. जयाबाईनं तिला आत बोलावून भाकरी वाढली. दुपारी किशन समोर आला तेव्हा त्याच्या बोलण्यात चीड होती.

"तू मला पाप लावाय आल्यासारखी येतीस. मी कुनाला मारलं न्हाय."

"त्यानंबी न्हाय मारलं," मालु म्हणाली. "मोबाइल देऊ नगंस, ऱ्हाऊ दे. माझ्यासंगट एकदा तुरुंगात चल. ज्याचं सोंग घेतलंस त्याला नुसतं बघ. मग मी परत येनार न्हाय, ह्या आईच्या पायाशपथ."

तो कशाला येईल असं तिला वाटत होतं. पण पुढच्या सोमवारी सकाळी तो तुरुंगाच्या दारात आला, इस्त्रीचा शर्ट घालून, परीक्षेला निघाल्यासारखा. जाळीपलीकडं भरमा आला. केस पांढरे झालेले, गाल बसलेले. मालुनं सांगितलं, हा किशन. भरमानं त्याला नीट बघून घेतलं. त्यानं ते चित्र कधी पाहिलंच नव्हतं, फक्त कैद्यांच्या तोंडून ऐकलं होतं.

"मी कसा हसतो टीव्हीत?" त्यानं विचारलं.

किशन म्हणाला, "तुम्ही... ते माझं हसनं होतं, अण्णा."

"आत आल्यावर पोरं मला हसून दाखव म्हनायची. म्हनून हसायचंच सोडलं." भरमानं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, पाऊस पडला म्हणावं तसं सांगितलं. मग विचारलं, "तुला लेकरं हायत?"

"एक पोरगा हाय. आदर्श."

"शाळेला जातो?"

"जातो."

"बरं हाय," भरमा म्हणाला, आणि भेटीची वेळ संपली.

बाहेर बस स्टॉपवर आल्यावर किशन म्हणाला, "तो मोबाइल फुटलाय. माळ्यावर पडलाय. दुरुस्त हुतोय का बघूया."

बेळगावात मोबाइलवाल्यानं दोन दिवस खटपट करून तो चालू केला. चित्रण हलत होतं, मागं जयाबाईचा आवाज होता, "बघ, बघ, आमचा किशन". शेवटी भरमाचा फोटो स्वच्छ दिसत होता, आणि चित्रण कुठल्या तारखेचं ते मोबाइलमध्ये होतं. ओळखपरेडीच्या बरंच आधीचं. स्वरूपानं ते पुन्हा पुन्हा पाहिलं, मोबाइल तपासणीला पाठवला, आणि किशनचं शपथपत्र तयार केलं. सही करण्याआधी तिनं ते त्याला मराठीत वाचून दाखवलं.

धारवाडच्या हायकोर्टात हा पुरावा घ्यायचा की नाही यावरच दोन तारखा गेल्या. सरकार पक्षानं हरकत घेतली. किशनला उलट विचारलं की या बाईनं तुला काय दिलं. तो म्हणाला, "भाकरी आमच्याच घरची खाल्ली तिनं, साहेब." आण्णाप्पा आता फार थकले होते. त्यांना पुन्हा बोलावलं तेव्हा ते काठी टेकत आले. परेडच्या आधी टीव्हीवर तो कार्यक्रम पाहिला होता का, असं स्वरूपानं त्यांना विचारलं.

"पाहिला होता. घरातल्या सगळ्यांनी पाहिला," म्हातारे म्हणाले. मग ते पुढं बोलले, "मला हे आधी कुणी विचारलं नाही. आता त्या रात्रीचं तोंड आठवायला गेलो तर टीव्हीतलंच येतं."

स्वरूपानं पुढचा प्रश्न विचारला नाही, ती खाली बसली.

निकालाच्या दिवशी मालु, यल्लाप्पा आणि दिपाली पहाटेची बस धरून धारवाडला गेले. न्यायमूर्ती इंग्रजीत वाचत होते. मालु स्वरूपाच्या तोंडाकडं बघत बसली होती. विळ्यावरचं रक्त माणसाचं असल्याचंच सिद्ध झालं नव्हतं. जातीचे आहेत म्हणून साक्षीदारांना खोटं ठरवता येत नाही. ओळखपरेडीला काही किंमत उरत नाही. हे सगळं तिला मागनं समजलं. त्या वेळी एवढंच दिसलं की स्वरूपानं चष्मा काढला आणि तिचा हात घट्ट धरला.

"सुटला," स्वरूपा म्हणाली. "मालुबाई, भरमा सुटला."

दिपालीनं विचारलं, "मग आज घरी येनार?"

तो दोन दिवसांनी आला. तुरुंगाच्या दारात यल्लाप्पानं भावाला मिठी मारली आणि एवढा थोराड माणूस लहान पोरासारखा रडला. भरमा रडला नाही. दिपाली आता त्याच्या खांद्याला लागत होती. तिनं त्याच्या हातातली पिशवी घेतली. घरी आल्यावर तो पुष्कळ दिवस दाराकडं तोंड करूनच झोपे. जीपसारखा आवाज आला की उठून उभा राही. सायकलीवर गवताचा भारा लादायला त्याला वर्ष लागलं. सरकारनं भरपाई म्हणून काही दिलं नाही. वाहिनीनं माफी मागितली नाही. स्वरूपानं त्यासाठी वेगळा दावा लावलाय, तो चालू आहे. किशनला त्या कंपनीचं काम खरंच पुन्हा मिळालं नाही. तो माग चालवतो आणि जत्रेत नाटकं करतो.

भरमा आल्यावर काही महिन्यांनी जवळच्या एका गावात दुकान फुटलं. सकाळी जीप माळावर चढली. भरमा उठून उभा राहिला. मालु चुलीपुढनं उठली, पदर खोचला आणि जीपच्या आडवी जाऊन उभी राहिली.

"कुनाला न्यायचंय, साहेब?"

"भरमाला. चौकशी आहे."

"कशाची ते लिहून द्या. मीबी येनार, आनि वकीलबाईला फोन लावलाय, त्या ठाण्यात येऊन बसतील. जबाब मराठीत वाचून दावल्याशिवाय अंगठा लागनार न्हाय."

फौजदार नवा होता, तरुण. त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग मागं जमलेल्या वस्तीकडं पाहिलं. यल्लाप्पा होता, बायका होत्या, सगळे एका जागी उभे होते. कुणी मान खाली घातली नव्हती. फौजदारानं लिहून दिलं. दुपारपर्यंत भरमाचा जबाब झाला, मराठीत वाचून दाखवला गेला, आणि तो संध्याकाळच्या आत घरी जेवायला बसला. भाकरी मोडताना त्यानं मालुला विचारलं, "तुला भ्या वाटलं न्हाय?"

"वाटलं की," मालु म्हणाली. "पाय लटलटत हुते. लुगड्यात दिसत न्हायत."

भरमा हसला. तुरुंगातनं आल्यापासनं पहिल्यांदाच. दिपालीनं भाकरीवरनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं, कारण बापाचं हसणं कसं असतं हे तिला आठवतच नव्हतं.

मालु आता परत तंबाखूच्या वखारीत जाते, दुसऱ्या मालकाच्या. पण महिन्यातले काही दिवस तिचे तिकडं नसतात. परवा खानापूरकडच्या रानालगतच्या एका वस्तीतनं मंगल नावाची बाई तिचं घर विचारत आली. नवऱ्याला धरून नेलंय, चार दिवस झाले, भेटू देत नाहीत. बाई उंबऱ्यातच बसली, आत यायला तयार होईना.

"किती वरसं लागत्यात, आक्का?" तिनं विचारलं.

"ते मला ठावं न्हाय," मालु म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. "आधी आत ये, जेव. दहाच्या गाडीनं बेळगावला जाऊया. धरून नेल्यापास्नं त्याला कुनी कुनी बघितलं, ते वाटंत मला सांग. काय बी गाळू नगंस."